शेततळ्यातले मासे पहाटे वर येतायत, चुना टाकू का?

डाळिंबवाला (सांगोला, जि. सोलापूर)

नमस्कार मंडळी. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं आहे, कागद टाकलेला. पाणी विहीर आणि बोअरचं मिळून. तळं मुळात डाळिंबासाठी केलं, मासे नंतर सोडले. रोहू, कटला आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) मिळून ४००० बोटुकली (माशांची पिल्लं) होती. आता मासा सरासरी ३०० ग्रॅमला आलाय. रोज पेंड, कोंडा आणि तरंगतं खाद्य मिळून २४-२५ किलो जातं.

गेले काही दिवस आभाळ भरून आहे, ऊन नाहीच. पहाटे मासे सगळे वर येतात, तोंडं उघडझाप करत कडेकडेने फिरतात. ऊन आलं की खाली जातात. आज सकाळी मोठे कटले मरून वर आलेले दिसले. पाणी गर्द हिरवं आहे. दुकानदार म्हणाला ५० किलो कळीचा चुना पसरा. शेजारचे म्हणतात पोटॅशियम परमँगनेट टाका, त्याने पाण्यात ऑक्सिजन वाढतो. उद्या सकाळपर्यंत काहीतरी करायलाच पाहिजे. जाणकारांनी लवकर सांगा.

भिगवणचा बीजवाला (ता. इंदापूर)

दादा, आज रात्रीचं आधी बघू, बाकीचं उद्या. चुना टाकू नका. परमँगनेट पण नको, त्याने पाण्यातला ऑक्सिजन वाढत नाही, हा फार जुना गैरसमज आहे.

आत्ता हे करा:

खाद्य बंद. आज संध्याकाळचं नाही, उद्याचं नाही, परवाचं पण नाही. कार्प मासा (तुमचे तिन्ही कार्पच) दोन-चार दिवस उपाशी राहिला तर काहीही होत नाही. पोट भरलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.

रात्री साडेअकरा-बारापासून सकाळी सात-साडेसातपर्यंत पाणी हलतं ठेवा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर तळ्यातलंच पाणी पंपाने उचला आणि पाइपाचं तोंड वर बांधून परत तळ्यातच फवाऱ्यासारखं पाडा. पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा किंवा पत्रा बांधला की धार फुटते. धार जितकी बारीक फुटेल तितका फायदा. पंपाचं तोंड तळाला सोडू नका, मधल्या थरातलं पाणी घ्या. तळाचा गाळ आज ढवळला तर उरलेले मासे पण जातील.

मेलेले मासे काढून लांब पुरा. जाळं मारू नका, माशांना हाताळू नका.

आणि दोन गोष्टी सांगा. मेले ते मोठेच होते की लहान-मोठे सगळे? आणि पहाटेच मेले की दिवसा पण मरतायत?

डाळिंबवाला

मोठेच आहेत, बहुतेक कटला. लहान एकही नाही. सकाळीच दिसतात, दिवसा नाही. रात्रीची लाईट या आठवड्यात आहे, मोटर लावतो. बोअरचं ताजं पाणी सोडलं तर चालेल का?

भिगवणचा बीजवाला

मग दुखणं ऑक्सिजनचंच आहे. ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा मोठा मासा आधी जातो, आणि तुमच्या तिन्हींमध्ये कटला सगळ्यात नाजूक. विष असतं, फवारणीचं पाणी आलेलं असतं, तर बारके आधी गेले असते आणि दिवसभर मेले असते.

बोअरचं पाणी चालेल, पण सरळ पाइप तळ्यात बुडवून सोडू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. उंचावरून दगडांवर आपटून फुटलं पाहिजे, मग आत जाऊ दे.

जतची मळेवाली (जि. सांगली)

आमच्याकडे पण असंच कागदाचं तळं आहे, डाळिंब आणि मासे दोन्ही. एक गोष्ट सगळ्यांना कळकळीने सांगते. रात्री-पहाटे तळ्यावर एकट्याने जाऊ नका. कागदावर शेवाळ धरलेलं असतं, पाय सटकला की पोहणाऱ्या माणसाला सुद्धा वर येता येत नाही, कारण धरायला काहीच नसतं. आमच्या भागात अशाने माणसं गेलीत. चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, वरचं टोक पक्क्या खुंट्याला. हवा भरलेली ट्यूब काठावर ठेवा. तारेचं कुंपण आणि दार असू द्या. मोटर चालू-बंद करायची पेटी काठापासून लांब बसवा. मासे पुन्हा सोडता येतात.

डाळिंबवाला

ताई, दोर आजच बांधतो. धन्यवाद.

रात्रभर मोटर चालवली. पहाटे मासे फवाऱ्याजवळ गोळा झाले होते, पण मेलेले अगदी थोडे. आज दुपारी ऊन पडलं. मित्राकडून तपासणीचं किट आणून पाणी बघितलं:

सकाळी ६ वाजता सामू (pH) ८.०
दुपारी ३ वाजता सामू ९.०
अमोनिया १ मिलिग्रॅम
नायट्राइट ०.२ च्या आसपास
अल्कलिनिटी २२०

ऑक्सिजनचं मीटर नाही. पाण्यात हात घातला तर मनगटाच्या जरा वर गेला की पंजा दिसेनासा होतो. सामू ९ म्हणजे पाणी चांगलं की वाईट? आणि दुकानदार अजून म्हणतोय चुना टाकल्याशिवाय अमोनिया जाणार नाही.

पाणीपरीक्षा (उदगीरला मत्स्यविज्ञान शिकले, आता लातूर भागात शेततळी बघते)

हे आकडे दिलेत ते फार बरं केलंत. याच्यावरून तुमच्या तळ्यात काय चाललंय ते जवळजवळ पूर्ण वाचता येतं. थोडं लांब लिहिते, कारण चुन्याचा सल्ला आपल्याकडे सरसकट दिला जातो आणि दुष्काळी भागातल्या तळ्यांचं त्याने नुकसान होतं.

तुमचं पाणी हिरवं आहे ते सूक्ष्म शेवाळामुळे. ते दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं. कार्बन डायऑक्साइड गेला की सामू वर जातो, म्हणून दुपारी ९. रात्री तेच शेवाळ आपल्यासारखा श्वास घेतं, ऑक्सिजन वापरतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून सकाळी ८. एका दिवसात सामू एक अंकाने हलतोय, म्हणजे शेवाळ प्रमाणाबाहेर वाढलंय. हात मनगटापर्यंत बुडताच पंजा दिसेनासा होणं हीच गोष्ट सांगतं. साधारण कोपर बुडेपर्यंत, म्हणजे ३० ते ४० सेंटिमीटरपर्यंत पंजा दिसायला हवा.

दाट शेवाळाच्या तळ्यात रात्री सगळ्यात जास्त ऑक्सिजन मासे खात नाहीत, शेवाळ आणि तळाचे जिवाणू खातात. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात मुळात लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. दिवसा ऊन असतं तेव्हा शेवाळ त्याच्या वर भरून ठेवतं आणि तेवढ्यावर रात्र निघते. आभाळ आलं की भरणा कमी, खर्च तेवढाच. सलग तीन-चार दिवस असं झालं की पहाटे पाचच्या सुमाराला डबा रिकामा. कार्पला ५ च्या वर ऑक्सिजन हवा. ३ च्या खाली ते खाणं सोडतात, आणखी खाली गेलं की मरायला लागतात.

आता अमोनिया. किट जो आकडा दाखवतं तो एकूण अमोनियाचा. त्यातला एक भाग माशाला फारसा त्रास देत नाही, दुसरा भाग, वायूरूप अमोनिया, कल्ल्यांतून आत शिरतो आणि विषारी ठरतो. कोणता भाग किती हे सामू आणि तापमान ठरवतात. सामू ८ आणि २६ अंशाला विषारी भाग एकूणच्या सुमारे ६ टक्के. सामू ९ आणि २८ अंशाला तोच सुमारे ४० टक्के. म्हणजे तुमच्या तळ्यात सकाळी ०.०६ मिलिग्रॅम विषारी अमोनिया आहे आणि दुपारी ०.४. पाणी तेच, किटवरचा १ चा आकडाही तोच. पण दुपारचे ते काही तास मासे विषात असतात आणि पहाटेचे काही तास ऑक्सिजनविना. तुम्हाला पहाटेचं दिसतं, कारण मासे वर येतात. दुपारचं दिसत नाही.

आता या पाण्यात ५० किलो कळीचा चुना टाकला तर काय होईल? कळीचा चुना सामू झटक्यात वर नेतो. ९ चा साडेनऊ झाला तरी विषारी भाग ४० वरून ७० टक्क्यांच्या जवळ जाईल. चुना अमोनिया काढत नाही, असलेल्या अमोनियाला जास्त विषारी करतो. तुमची अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची सामू सावरून धरायची ताकद, २२० आहे. चुना टाकायचा तो अल्कलिनिटी कमी असलेल्या, म्हणजे ४०-५० च्या खालच्या पाण्यात. सोलापूर, सांगली, लातूर, धाराशिवच्या बोअरच्या पाण्यात चुना आधीच भरपूर असतो, आपल्या नळाच्या तोट्या त्याने बुजतात. त्यात आणखी कशाला?

नायट्राइट ०.२ ला सध्या घाबरायचं कारण नाही. ते वाढलं तर माशाचं रक्त चॉकलेटी होतं. मेलेल्या माशाचे कल्ले उघडून बघत जा. लालभडक असतील तर नायट्राइटचा प्रश्न नाही. चॉकलेटी दिसले तर खडे मिठाचा उपयोग होतो, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत जाऊ देत नाही. क्लोराइड नायट्राइटच्या किमान दहापट असावा असा हिशोब धरतात. पण आपल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइड बहुधा आधीच पुरेसा असतो, म्हणून पाणी तपासल्याशिवाय मिठाची पोती रिकामी करू नका. त्याच पाण्यावर तुमचं डाळिंब आहे हेही लक्षात ठेवा.

मूळ कारणावर नंतर लिहिते, पण तुम्हीच विचार करून बघा: एवढं शेवाळ वाढायला खत कुठून आलं?

नवा_मत्स्यपालक (जालना)

ताई, मी ऐकलं की गूळ आणि प्रोबायोटिक टाकलं तर जिवाणू अमोनिया खाऊन टाकतात. बायोफ्लॉकच्या टाकीत (जिवाणूंच्या जोरावर टाकीत दाट मासे पाळतात ती पद्धत) असंच करतात ना? मग शेततळ्यात का नाही?

पाणीपरीक्षा

टाकीत ते चालतं कारण तिथे चोवीस तास हवा चालू असते. गूळ म्हणजे जिवाणूंचं खाद्य. गूळ मिळाला की जिवाणू भराभर वाढतात, वाढताना अमोनिया उचलतात हे खरं, पण त्याच वेळी ऑक्सिजनही उचलतात. बायोफ्लॉकच्या टाकीत लाईट गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही तर बघता बघता टाकी हातची जाते, ती याच कारणाने. आधीच पहाटे ऑक्सिजन संपणाऱ्या, एरेटर नसलेल्या तळ्यात गूळ टाकणं म्हणजे ती पहाट अलीकडे ओढणं. या तळ्यात तर आत्ता अजिबात नको.

भिगवणचा बीजवाला

ताईंनी प्रश्न विचारून सोडलाय, उत्तर मी देतो. खत खाद्यातून आलं. ४००० मासे ३०० ग्रॅमने १२०० किलो झाले. २ टक्क्यांनी रोज २४ किलो खाद्य. म्हणजे खाद्य त्या माशांना जास्त नाही, मासेच त्या तळ्याला जास्त आहेत. एरेटर नसलेल्या तळ्यात हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली धरतात. तुमचं तळं वरून ९०० चौरस मीटर, त्यात ४५० ते ९०० मासे बसतात. तुम्हाला बीज देणाऱ्याने चौपटीच्या वर माल दिला. बीज विकणारा मी पण आहे, म्हणून हे बोलतो. तळ्याचं माप विचारल्याशिवाय बीज द्यायचं नाही हे आमच्या धंद्यातल्या लोकांनी पाळलं पाहिजे.

पाणीपरीक्षा

बरोबर. आता हिशोबच मांडते म्हणजे कुठल्याही तळ्याला लावता येईल.

२८ टक्के प्रथिनं असलेल्या १ किलो खाद्यात सुमारे ४५ ग्रॅम नायट्रोजन असतो, कारण प्रथिनाच्या १६ टक्के नायट्रोजन. त्यातला साधारण पाव हिस्सा माशाच्या अंगी लागतो. उरलेला सुमारे ३३ ग्रॅम विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात येतो. २४ किलो खाद्य म्हणजे रोज ८०० ग्रॅम नायट्रोजन. ३० बाय ३० बाय ३ च्या तळ्यात, बाजूंना एकास एक उतार धरला तर, भरलेलं असताना २१९६ घनमीटर म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावतं. भागून बघा, लिटरमागे रोज साधारण ०.३७ मिलिग्रॅम भर पडते. शेवाळ ते उचलतं म्हणून किटवर १ च दिसतो. शेवाळ एका फटक्यात मेलं तर हा सगळा नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर येईल.

आणि हे भरलेल्या तळ्याचं झालं. एप्रिल-मे मध्ये बागेला पाणी देऊन तळं अर्धं झालं की मासे तेवढेच, खाद्य वाढलेलं, पाणी निम्मं. शेतीच्या तळ्यात मासे किती सोडायचे ते उन्हाळ्यात शेवटी किती पाणी उरतं त्यावर ठरवायचं. हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगते, आणि हिशोबात नेमकं हेच धरायचं राहून जातं.

पेणची खाडी (रायगड)

चुन्याबद्दल आमच्याकडची बाजू सांगतो, नाहीतर वाचणारा म्हणेल चुना कधीच टाकू नये. आम्ही खाडीच्या पाण्यावर वेनामी कोळंबी करतो. इकडची माती आंबट, पावसाचं पाणी मऊ. जोराचा पाऊस आला की बांधावरून धुऊन आलेलं पाणी सामू खाली ओढतं, कोळंबीचं कवच मऊ राहतं. म्हणून पावसाआधी बांधांच्या उतारावर चुना मारतो आणि पावसानंतर सामू बघून तळ्यात पण टाकतो, तोही संध्याकाळी आणि थोडाथोडा. शिवाय पावसाचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. उघडीच्या (तळ्याचं पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून ते वरचेवर सोडून द्यावं लागतं, नाहीतर वरचा थर झाकणासारखा बसतो आणि खाली ऑक्सिजन जात नाही.

कोकणातल्या डोंगराकडेच्या गोड्या तळ्यांना पण चुना लागतो, जांभ्या मातीतलं पाणी मऊ असतं. सांगोल्याचं पाणी वेगळं, पेणचं वेगळं.

वैनगंगाकाठ (भंडारा)

आमच्याकडे मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव. आमचा ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या यात मासेमारी करत आला. तुमच्या कागदाच्या तळ्यात आणि आमच्या तलावात मोठा फरक म्हणजे माती. आमच्या तलावात तळाची माती कचरा पचवते, कडेची पाणवनस्पती खत ओढते, उन्हाळ्यात पाणी हटलं की तळ उघडा पडून उन्हात तापतो, भेगा पडतात, वास निघून जातो. कागदावर हे काहीच नाही. जे पडलं ते तिथेच सडतं. म्हणून भाऊ, तुम्ही वर्षातून एकदा तळं पूर्ण रिकामं करून कागद धुवून वाळवता का? तळाचं पाणी काढून वास घेतला का कधी? सडक्या अंड्यासारखा वास असेल तर मासे खाली जायला धजणार नाहीत.

अजून एक. आमच्याकडे धानाच्या बांध्यांतून फवारणीचं पाणी पहिल्या मोठ्या पावसात तलावात येतं आणि मासे मरतात. डाळिंबावर फवारणी भरपूर असते. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशाला अगदी थोडी पुरतात. फवारणीचा पंप तळ्याकाठी भरू नका, धुऊ तर मुळीच नका, आणि वारा तळ्याकडे असेल त्या दिवशी त्या बाजूच्या ओळी सोडा.

डाळिंबवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. फवारणीचा पंप आम्ही वस्तीवरच धुतो, तो प्रश्न नाही. तळाचं पाणी पाइपाने थोडं काढून बघितलं, वास येतोय. काळं पाणी आहे.

मासे कमी करायचे तर ३०० ग्रॅमचा मासा घेणार कोण? भिगवणच्या बाजारात मोठ्याला भाव. आणि पुढच्या आठवड्यात दिवसाची लाईट येणार. सौरपंप आहे, पण तो रात्री कामाचा नाही.

जतची मळेवाली

लाईटचं आमचं असंच. शेतीच्या फीडरवर एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आम्ही वस्तीवरच्या सिंगल फेजवर चालणारा लहान एरेटर घेतला आणि वस्तीपासून तळ्यापर्यंत चांगली केबल जमिनीखालून पाइपात घालून नेली. पाण्याजवळ वीज आहे, म्हणून अर्थिंग आणि ट्रिप होणारा स्विच पाहिजेच, त्यात पैसे वाचवू नका. लाईट गेली तर डिझेल इंजिन भाड्याने कोणाकडे मिळेल ते आधीच ठरवून ठेवलंय. तुमचा सौरपंप निरुपयोगी नाही. दुपारी त्याने तळाचं काळं पाणी उचलून डाळिंबाला द्या. झाडाला ते खतच आहे. आणि तेवढं ताजं पाणी तळ्यात घ्या.

छोटा मासा आम्ही आसपासच्या आठवडी बाजारांत दिला. सायप्रिनस आणि रोहू अर्धा-पाव किलोचे लोक आवडीने घेतात. भाव कमी मिळतो, पण जिवंत माशाचा मिळतो.

पाणीपरीक्षा

काळं पाणी काढताना घाई नको. एका दिवसात एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त बदलू नका, आणि पाइपाचं तोंड तळाशी एका जागी स्थिर ठेवा. ओढत फिरवू नका. गाळ ढवळला तर वर येणारा वायू माशांना मारतो. तळ्याखाली उताराची जमीन असेल तर मोटर पण नको, पाइप भरून सायफनने पाणी निघतं.

विरळणी आधी मोठ्या कटल्याची करा. जाळं सकाळी ऊन चढल्यावर टाका, पहाटे नाही, आणि आदल्या दिवशी खाद्य देऊ नका.

भिगवणचा बीजवाला

एका गोष्टीत माझं ताईंपेक्षा वेगळं मत आहे. एरेटर नुसता रात्री लावून भागत नाही. ३ मीटर खोल तळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, दोन थर होतात. खाली ऑक्सिजन पोचतच नाही. दुपारी एक-दीड तास पाणी ढवळलं की वर तयार झालेला ऑक्सिजन खाली जातो. मी दररोज करतो.

पाणीपरीक्षा

मत वेगळं नाही, वेळ वेगळी आहे. तुम्ही बीज सोडल्यापासून रोज ढवळता, म्हणून तुमच्या तळ्यात खाली सडका थर साठतच नाही. इथे महिनोन्‌महिने साठलाय. आज दुपारी हे तळं जोरात ढवळलं तर तो थर एकदम वर मिसळेल. जोराचा गार पाऊस आणि वारा आल्यावर काही तळ्यांत एका रात्रीत सगळे मासे मरतात, त्यामागेही हेच असतं. आधी तळाचं पाणी थोडंथोडं काढून घ्या, वास गेला की मग तुमची पद्धत सुरू करा. पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून करा, त्यात माझा पूर्ण पाठिंबा.

आणखी एक बारकावा: ज्यांच्याकडे पंगस आहे त्यांनी मासे वर येण्यावरून अंदाज बांधू नये. पंगस हवेतूनही श्वास घेतो, तो धडधाकट असतानाही वर येऊन जातो. त्यांनी मीटरच वापरावं. गावातल्या चार-पाच तळेवाल्यांनी मिळून एक ऑक्सिजन मीटर घेतलं तर ते कोणालाच जड जात नाही.

डाळिंबवाला

थोडक्यात हाल सांगतो. खाद्य बंद ठेवलं, मग पूर्वीच्या निम्म्याहून कमी सुरू केलं, तेही सकाळी नऊनंतर आणि भोकं पाडलेल्या पिशव्या बांबूला बांधून. दोन तासांनी पिशवीत उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी. मासे दोन बाजारांत काढले, निम्म्याच्या आसपास गेले. तळाचं पाणी बागेला चालू आहे, वास बराच कमी झाला. सकाळचा सामू ७.९, दुपारचा ८.५. पंजा आता कोपराच्या अलीकडपर्यंत दिसतो. पहाटे मासे वर येणं थांबलंय, मोटर मात्र आभाळ असलं की लावतो.

आता नवी अडचण. तळ्याचं पाणी बागेला देतोय तर ड्रिपचे फिल्टर शेवाळाने तुंबतायत, रोज धुवावे लागतात. ड्रिपवाले म्हणतात मोरचूद (कॉपर सल्फेट) कापडात बांधून तळ्यात सोडा, शेवाळ मरतं. बिनमाशाच्या तळ्यात आम्ही ते करायचो. मासे असताना चालेल का?

पाणीपरीक्षा

नको. मोरचुदाचं शेवाळावर परिणाम करणारं प्रमाण आणि माशाला इजा करणारं प्रमाण यांत अंतर थोडं असतं, आणि पिशवी टांगून सोडली की किती विरघळलं यावर ताबाच राहत नाही. तुमच्या कठीण पाण्यात मासे कदाचित मोरचुदाने मरणार नाहीत, पण शेवाळ एकदम मरेल. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन ओढेल, नवा तयार करणारं कोणी उरणार नाही, आणि त्यात साठलेला नायट्रोजन अमोनिया होईल. तुम्ही इतके दिवस जे टाळलंत ते एका रात्रीत होईल.

फिल्टरसाठी दोन गोष्टी करा. उन्हात बारीक शेवाळ वरच्या थरात गोळा होतं आणि गाळ तळाशी असतो. बागेचं रोजचं पाणी उचलताना पाइपाचं तोंड तरंगत्या डब्याला बांधून पृष्ठभागापासून मीटरभर खाली राहील असं ठेवा, दोन्ही टळतील. तोंडाला बारीक जाळी लावा म्हणजे मासेही ओढले जाणार नाहीत. तळाचं पाणी काढाल तेव्हा ते ड्रिपमधून देऊच नका, पाटाने द्या.

जतची मळेवाली

आमच्याकडे जाळीच्या फिल्टरच्या आधी वाळूचा फिल्टर बसवला आहे. आठवड्यातून दोनदा उलटं पाणी सोडून धुतो, तेवढ्यावर भागतं. तुमच्याकडे वाळूचा आहे की नुसता जाळीचा?

डाळिंबवाला

नुसता जाळीचा आहे. वाळूच्या फिल्टरची चौकशी करतो. तरंगता डबा उद्याच बांधतो.

नवा_मत्स्यपालक

मी अजून बीज सोडलेलं नाही, तळं २० बाय २० आहे आणि मे महिन्यात कंबरभर पाणी उरतं. या हिशोबाने माझ्याकडे किती सोडू?

भिगवणचा बीजवाला

वरून ४०० चौरस मीटर. मे महिन्यात उतारामुळे पाण्याचा पसारा त्याहून बराच कमी होणार. १५० च्या वर जाऊ नका, त्यात कटला ४०, रोहू ६०, बाकी सायप्रिनस. बोटुकली बोटभर लांबीची झालेली घ्या, बारीक जिरे नको. सोडण्याआधी पिशवी अर्धा तास तळ्यावर तरंगत ठेवा, मग तळ्याचं पाणी थोडंथोडं पिशवीत घ्या आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. आणि बीज आणायच्या आधी सकाळ-दुपारचा सामू आणि अल्कलिनिटी मोजून इथे टाका, आम्ही बघतो.